भादव्यातली गोमाशी

वाळपईहून स्कूटर निघाली की
हिवऱ्याच्या फाट्यापासून ती सोबतीला.
काळी गाडी, तापलेलं इंजिन, हलणारं काहीतरी.
तिला वाटतं, हीही एक म्हैसच.
दोन वळणं पाठलाग, मग कंटाळते.

म्हादईच्या काठावर भागी येडगेचा गोठा.
आत अंधार, धूर, एकही माशी नाही.
बाहेर उन्हात सगळ्या हजर.
"सावलीत येत न्हाईत त्या," भागी सांगते,
"चोर असत्या तर अंधारात आल्या असत्या."

चार म्हशी. लाळ्या-खुरकुताची लस.
मी सुई टोचतो, शेपूट मला झोडपतं,
आणि गोमाशी बसते
शेपूट पोचत नाही नेमकी तिथे.
मोजून ठेवलंय तिने अंतर.

माझी सुई बारीक, निर्जंतुक, सरकारी.
तिची कात्री.
ती कातडं कापते, थेंब वर आला की चाटते,
गोठू नये म्हणून थुंकते त्यात.
उडून गेल्यावरही म्हशीच्या कुशीवरून
एक लाल ओघळ
कितीतरी वेळ चालत राहतो.

नर यातले नाहीत.
ते दिंड्याच्या फुलोऱ्यावर बसून
मध चाटतात, आणि मरतात.
हे सांगितलं तशी भागी पदराआड हसली,
ओसरीवरल्या खाटेकडे बघून.

"रक्ताशिवाय तिची अंडी पिकत नाहीत,"
मी म्हणालो, तोवर तिने चापटीत एक पकडलेली.
पंख चिमटीत, उन्हात धरली.
डोळे हिरवे, त्यांवर तांबूस पट्टे,
जत्रेतल्या नव्या काकणासारखे.
"म्हंजे पोटुशी व्हय?"
थोडा वेळ दोघंही बघत राहिलो.
मग भागीने अंगठा दाबला.
"आमची काळीबी गाभण हाय."
डोळ्यांतला हिरवा उतरत गेला
काचेवरची वाफ जावी तसा.

मला चावली ती कळली
स्कूटरला किक मारताना.
दुसरीच कुणीतरी. निसटलेली.

आता रात्री मनगट टम्म.
चुना लावला, आगळ चोळलं,
रजिस्टरात लिहिलं: म्हशी चार, मात्रा चार.
माझ्या थेंबासाठी रकाना नाही.
नदीवर वाकलेल्या कुठल्याशा पानाखाली
चार-पाचशे अंड्यांची काळी रास लागेल,
पिल्लं टपटप चिखलात पडतील,
वर्षभर हाती लागेल ते, एकमेकांनाही
खात वाढतील.

बदली झाली नाही तर
पुढच्या भादव्यात मीच येणार लस घेऊन.
फाट्यावर त्या असतीलच.
तोवर घड्याळ
उजव्या हाताला.