सातवं पिंप

तळघराच्या सोळा पायऱ्या गिलेनबाई मोजत नाहीत,
त्यांचे गुडघे मोजतात.
खाली चुनखडीच्या भिंतींना घाम,
ओळीनं झोपलेली पिंपं,
प्रत्येकाच्या पोटावर खडूनं साल.

दलाल तेव्हनो ब्योनहून आलाय,
अत्तर न लावता. एवढी रीत तो पाळतो.
मी सातव्या पिंपात काचेची नळी सोडते,
अंगठ्यानं तिचा श्वास धरते
आणि दोन पेल्यांत सोडून देते:
वाळल्या गवताचा रंग, कडेला जरा हिरवट.

तेव्हनो पेला फिरवतो, नाक बुडवतो.
"आधी नुकती ओढलेली काडी," म्हणतो,
"मग लिंबाची साल. भाजलेलं हेझलनट.
आणि मागे विहिरीच्या काठाचा दगड."
बाईही नाक बुडवतात.
तेवढंच खोल, तेवढाच वेळ.

त्यांना वास येत नाही.
जानेवारीतल्या तापापासून
कॉफी, धूर, खुंटीवरचा नवऱ्याचा कोट,
सगळं सारखंच कोरं.
हे मला ठाऊक आहे, आणि कुत्र्याला.

पण जीभ शाबूत आहे.
बाई घोट घेतात, दातांमधून हवा ओढतात,
उलटी शीळ वाजावी तशी.
आंबटपणा जिभेच्या कडेकडेनं चालत जातो,
मधोमध सायीचं वजन,
शेवटी मीठ, जे कुणी घातलेलं नाही.
वाळूत नेमकं थुंकतात
आणि चव किती टिकते ते बोटांवर मोजतात.
बोटं संपतात.

"लोणी जास्त नाही ना वाटत?" तेव्हनो विचारतो.
साधा प्रश्न की सापळा, कळत नाही.
"त्या एप्रिलात," बाई म्हणतात,
"तीन रात्री वेलींमध्ये मेणाचे डबे पेटवले.
तरी वरच्या अंगाच्या कळ्या हिमानं जळाल्याच.
उरल्या त्यांना घाई नव्हती.
हिला अजून चार वर्षं उठवू नका."

तो वहीत लिहितो: बंद. ताठ. थांबावं.
खाली एक आकडा, हातानं झाकून.

तो गेल्यावर बाई पेला माझ्यापुढे धरतात.
"सांग."
मी सांगते: ओली लोकर, सफरचंदाची बी,
मेण, पण विझलेलं.
"अजून?"
त्यांचा चेहरा बघून मी भर घालते:
"दूध. उतू जायच्या आधीचं."

"सातव्यात दूध कधीच नसतं," बाई म्हणतात.
"पुन्हा घे."

मी पुन्हा नाक बुडवते.
खरंच नाही.