तात्पुरता

झाब्जेच्या बंद कोक भट्टीचे नकाशे
टेबलावर पसरलेत, चार कोपऱ्यांना चार नट.
सगळं जुळतंय. फक्त सातव्या टाकीमागून
एक पाइप भिंतीत शिरतो
आणि कागदावर कुठेच नाही.

म्हणून एवाल्डना बोलावलं. वय एक्क्याऐंशी.
मुलीनं गाडीतून उतरवलं, टोपी सरळ केली.
"हा मीच टाकला," ते म्हणाले,
"अठ्ठ्याहत्तर संपताना, रात्रपाळीत.
मोठी लाइन गोठली होती. साहेबांना सांगितलं नाही.
तात्पुरता होता."

तात्पुरता. चव्वेचाळीस वर्षं.

पाणी सोडत, हातानं, बारीक भोक पाडलं.
मीटर आधी गप्प, मग कर्कश:
आत अजून बेंझॉल.
उद्या सकाळी गॅसकटर नेमका इथे लागणार होता,
लेशेकच्या हातात. कामावरचा त्याचा तिसरा आठवडा.
तो बाहेर जाऊन बराच वेळ
बुटाची नाडी बांधत बसला.

पाइप रिता करायला नऊ दिवस.
नायट्रोजन, मग थंड करवत.
कंत्राटदार येता-जाता घड्याळ दाखवायचा,
मी बघायचे नाही.

दहाव्या दिवशी तुकडा सुटला.
एवाल्डनी हातमोजा काढून जोडावर बोट फिरवलं.
"वेल्डिंग बरं झालं होतं," एवढंच,
आणि माझी पेन्सिल मागितली.

महिन्याभरात पडणाऱ्या इमारतीच्या नकाशावर
त्यांनी तो पाइप काढला. हात कापत होता,
रेघ मात्र सरळ आली.
खाली तारीख घाला, मी म्हटलं.

त्यांनी अठ्ठ्याहत्तरची घातली.