मंगळवार, दोन चाळीसचा खेळ

मंगळवारी इथे हडर्सफील्डला तिकीट अर्ध्या दरात,
म्हणून माझा उपास दुपारीच मोडतो
खारट पॉपकॉर्नवर.
बाप्पाने अजून हरकत घेतलेली नाही.

जागा ठरलेली : मागून चौथी रांग, कडेची खुर्ची.
तिथून पडदा जरा तिरका दिसतो,
नायक जरा कमी देखणा.
या वयात तेवढंच बरं.

शेजारी मॉरीन, वय चौऱ्याहत्तर,
पर्समध्ये चिमट्याएवढी टॉर्च आणि आल्याची बिस्किटं.
जाहिराती पंचवीस मिनिटं चालतात,
पुढच्या सिनेमांच्या झलकेत अख्खी गोष्ट सांगून टाकतात,
लग्नाआधीच बारसं.
मॉरीन म्हणते, छान, म्हणजे हा बघायला नको.

विश्राम येत नाही.
दोन महिन्यांत घरी येणारच ना टीव्हीवर,
मग पार्किंगचे पैसे कशाला?
त्याला कसं सांगू,
घरी सिनेमा थांबवता येतो,
तिथेच तो मरतो.
भाजी परतायला उठायचं, नायिका तोंड उघडं टाकून वाट बघणार.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.
दिवसभर भिंग बदलत एकच प्रश्न :
पहिलं बरं, की दुसरं?
तोच प्रश्न घेऊन जाते थिएटरात.
भाग दुसरा, भाग तिसरा, भाग चौथ्याचा पूर्वार्ध.
पहिलंच बरं हो, दरवेळी पहिलंच.
आणि हल्ली इतका अंधार का चित्रित करतात?
धडधाकट माणसाला वाटावं मोतीबिंदू झालाय.
हे माझं मत नाही, निदान आहे.

हिंदी सिनेमा लागला की मध्येच पाटी येते, मध्यंतर,
दोन सेकंद,
आणि गाडी पुढे.
कुणी उठत नाही, दिवे लागत नाहीत.
सांगलीला अण्णा त्या दहा मिनिटांत चहाच्या टपरीवर
निम्म्या सिनेमाचा निकाल देऊन मोकळे व्हायचे,
आणि उरलेला सिनेमा तो निकाल खोटा पाडण्यासाठी बघायचे.
इथे माझं मत मुरायला जागाच नाही.

मार्चमध्ये मराठी सिनेमा आला.
ब्रॅडफर्डला, रविवारी सकाळी साडेदहा, एकच खेळ.
आम्ही नऊ जण, मॉरीन धरून.
आई रडते, मुलगा परततो, आई पुन्हा रडते,
विहिरीवर कॅमेरा इतका वेळ
की मला तहान लागली.
दाराशी आयोजक सोहोनी उभे,
लग्नघरच्या यजमानासारखे हात जोडून :
आवडला ना?
मी, जी कुणाची भीड ठेवत नाही,
म्हणाले, फारच सुंदर.

परतताना मोटरवेवर मॉरीन म्हणाली,
खालची अक्षरं वाचली मी सगळी.
ती आई जरा जास्तच रडली, नाही?
आणि मी पेटले.
तुला नाही कळायचं, म्हटलं, आमच्याकडे आया अशाच असतात,
विहीर म्हणजे नुसती विहीर नव्हती ती, प्रतीक होतं,
बजेट किती कमी, कल्पना आहे का?
सव्वीस नंबरच्या फाट्यापासून चोवीसपर्यंत
मी त्या सिनेमाची वकिली केली,
जो मला एक फ्रेमही आवडला नव्हता.
मॉरीनने बिस्किट पुढे केलं.
मी घेतलं नाही.
मग घेतलं.

आज पुन्हा मंगळवार.
दाराशी कॅलम विचारतो, आज काहीतरी चांगलं?
मी म्हणते, बघू.
दिवे मंदावतात. या मिनिटावर मात्र
माझी कसलीच तक्रार नाही, आजवर कधी नव्हती.

नावं संपायच्या आत मॉरीनची मान कलंडलीय.
शेवटच्या दहा मिनिटांत उठेल, मत देईल,
आणि बहुतेक
बरोबरच असेल.