कट्टा आणि पाकीट

साहेबांनी विचारलं, तुमचं काम त्यांच्यासारखंच आहे का?
पंखा फिरत होता, वारा फक्त फायलींना.
आम्ही सतरा जणी, खुर्च्या चार.
प्रमिला बाविस्कर म्हणाली, सारखं म्हणजे कसं, साहेब?
ते एमआयडीसीत गोडाऊनला, आम्ही हायवेवर दुकानात.
त्यांना चौदा हजार दोनशे, आम्हाला नऊ हजार आठशे.
बाकी तूर तीच.

तीस किलोचा कट्टा ते गाडीतून उतरवतात,
एकदा.
मागच्या खोलीत आम्ही तो उचलून फोडतो,
चाळतो, खडे बघतो,
अर्ध्या अर्ध्या किलोची साठ पाकिटं.
साठदा काट्यावर, साठदा सील,
बोटाला प्लास्टिकचा चटका,
मग क्रेट, मग मांडणी,
खालच्या फळीला उकिडवं, वरच्या फळीला टाचा उचलून.
शिवाय कुणी पाकीट नको म्हणून साबणांत ठेवून जातं,
ते परत आणायचं, तेही आम्हीच.

हे कुणी मोजलं नव्हतं.
मोजलं जुबेदा तडवीने,
दहावी नापास, आणि तीही गणितात.
बिलाच्या रोलमागे पेनने लिहायची:
आठ कट्टे, पाच उचली, एका पाळीला बाराशे किलो.
महिनाभराचा कागद स्कूटीच्या डिकीत राहिला.
जळगावचा मे.
संध्याकाळी उघडला तर काळाठिक्कर, एक आकडा दिसेना.
जुबेदा रडली नाही. म्हणाली, चला,
जूनचं मोजू.
या वेळी वहीत.

पुरुषांचा पगार आम्हाला कळला
तो हिरामण भोईमुळे.
चार घड्या घातलेली चिठ्ठी त्याने क्रेटखाली सरकवली
आणि कट्ट्यांकडे वळला.
त्याची बायको शेवंता आमच्यातच, मसाल्याच्या फळीला.
ती बराच वेळ चिठ्ठी वाचत राहिली.
"माय वं, अकरा वर्सं एका घरात राहतो,
मले हे माहीतच नव्हतं."
असोद्याला त्यांच्या घरी बामची एकच बाटली.
रात्री आधी त्याची पाठ, मग तिची.
तिची आता आधी, असं ती सांगते,
आणि पदर तोंडाला लावून हसते.

कंपनीचे वकील म्हणाले,
बायकांचं काम हलकं, थंड हवेतलं, गिऱ्हाइकांशी गोड बोलण्याचं.
थंड हवा दुकानात आहे, खरं आहे.
मागच्या खोलीत टेबलफॅन, त्याचं तोंड सीलच्या मशीनकडे,
मशीन तापू नये म्हणून.
आणि गोड बोलणं?
आठ तास उभं राहून, पोटऱ्यांत गोळे आलेले असताना
"पिशवी हवी का ताई" हे गोड म्हणून दाखवा,
असं मला म्हणायचं होतं.
मी म्हटलं नाही. प्रमिलाने पायावर पाय दिला.

पुढची तारीख पडली, नंतर आणखी एक.
तिघींनी आपली नावं काढून घेतली.
एकीची मुलगी नर्सिंगला आहे,
एकीला मॅनेजरने रात्रपाळी दाखवली,
तिसरीने कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
डबा अजून सतरा जणी एकत्रच खातो.
भरीत कुणाचं तिखट झालं, यावर भांडतोही.

काल एक काका आले, चष्मा कपाळावर.
हे पाकीट भरलंय ना बरोबर अर्धा किलो?
मी काट्यावर ठेवलं.
आकडे थरथरले. चारशे शहाण्णव.
काकांनी तक्रारवही मागितली,
पिवळी, काउंटरला सुतळीने बांधलेली,
आणि चार ग्रॅमसाठी अख्खं पान लिहिलं.
मॅनेजर धावत आला. माफी, नवं पाकीट, वर एक बिस्किटपुडा.

काका गेले. वही उघडीच होती.
मी पान उलटलं, तारीख घातली, लिहिलं:
वजन कमी भरलं आहे.
दरमहा चार हजार चारशे.
खाली माझी सही,
आणि तिच्याखाली
सोळा जणींपुरती जागा सोडली.