खुडूक

गार्डाची पेटी आहे माझी. लोखंडी, काळी,
वर पांढऱ्या रंगात : भा. य. घाटगे, ग्वाल्हेर.
छोटी लाइन बंद झाली तेव्हा जमा करायची राहिली.
मागायला कुणी आलं नाही,
मीही आठवण करून दिली नाही.
तिच्यात गेले सोळा दिवस तांबडी बसून आहे.

खाली अंडं नाही. एकही नाही.
होती त्यांची हेमलताने कांदा घालून भुर्जी केली.
आणि कोंबडा तर मागल्या आखाडात
जावयाच्या ताटात गेला,
म्हणजे अंडी असती तरी काय होणार होतं?
हे मी तिला नीट समजावून सांगितलं.
तिने पिसं फुलवली, एका कोंबडीची दीड कोंबडी झाली,
आणि घशातून तो आवाज काढला,
डाळ उतू जाण्याआधी काढते तसा.

उचलून अंगणात ठेवली. पाच मिनिटांत परत.
झाकण लावलं, झाकणावर बसली.
पेटी हलवली,
तर पेटी जिथे होती त्या फरशीवर.

भिंतीपलीकडून भदौरिया चाची म्हणाल्या,
कुड़क हो गई है भैया, ठंडे पानी में बिठाओ.
आपण खुडूक म्हणतो, त्या कुड़क म्हणतात,
तीस वर्षांच्या शेजारात एवढाच काय तो मतभेद.
पण जूनच्या ग्वाल्हेरात थंड पाणी आणायचं कुठून?
टाकीतल्या पाण्याने हात पोळतो.
शेवटी सायकलवर पोत्यात गुंडाळून बर्फ आणला,
घमेल्यात तिला पोटापर्यंत बुडवली.
तिने डोळे मिटून घेतले.
सोडली तशी निथळत, तुरूतुरू, थेट पेटीत.
लाल झेंडी भिजली. हिरवीही भिजली.

मग तारेचा पिंजरा. खालून वारा लागला पाहिजे म्हणतात,
म्हणून कूलरसमोर टांगला.
तीन दिवस ती खसाच्या वासात झोके घेत राहिली
आणि आम्ही दोघं गच्चीवर, लू अंगावर घेत.

माझी आई अशा कोंबडीच्या नाकपुडीतून पीस ओवायची.
मी पीस शोधलं, पुसलं, हातात धरलं.
हेमलताने चष्म्यावरून पाहिलं.
मी त्या पिसाने कान कोरला.

तिच्या टाइमटेबलात एकवीस दिवस लिहिलेत.
गाडी आलीच नाही तर काय करायचं,
ते लिहिलेलं नाही.

मी अजून पाचला उठतो. दाढी करतो.
घोसीपुरा, मोतीझील, बानमोर,
सुमावली, जौरा, कैलारस...
साबण धुताना कुठल्यातरी स्टेशनवर अडखळतो
आणि मग पहिल्यापासून.
त्यानंतर मागल्या दारी स्टुलावर बसतो, तिच्यासमोर.
जुन्या जर्नलची कोरी पानं उरली होती, त्यात लिहितो :
दिवस सव्वीस. बसून.
ज्वारी मूठभर घेतली, पाणी दोन घोट.
शिटली एकदा, लिंबाएवढी.
पोटाखालची पिसं गळालीत, कातडी तापलेली.
विलंबाचं कारण :
हा रकाना मी रिकामा ठेवतो.

एकतिसाव्या दिवशी, दुपारी, काहीही झालं नसताना
ती उठली.
अंग झाडलं, एक पाय मागे ताणला, मग दुसरा,
कडुलिंबाखाली जाऊन धुळीत लोळली
आणि इतर कोंबड्यांशी भांडून किडा खाल्ला.
मागे वळून पाहिलं नाही. मी पाहत होतो.

पेटीत वाकून पाहिलं :
झेंड्यांमध्ये तिच्या अंगाचा खळगा,
त्यात हात ठेवला तर अजून ऊन.
शिट्टी तिथेच होती, पिसाखाली.
घडी करून ठेवावं सगळं, असं मनात आलं.

तेवढ्यात काळी आली. लहान आहे, दोनच महिने झाले अंडी घालायला लागून.
पेटीच्या काठावर चढली,
मान तिरपी करून आत पाहिलं,
मग माझ्याकडे.

एकीची दुसरीला लागते म्हणतात.
मी स्टूल जरा मागे घेतलं.