एका पानात बसव

आचाओच्या धक्क्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
मासळीची बिलं, बोटींचे परवाने,
कोण गेलं त्याच्या सूचना,
या बेटावरचं सगळं या एका मशिनीतून जातं.
फेब्रुवारी सरत आला की मास्तर लोकांचे बायोडाटा.

काल यास्ना बार्रिया आली.
जाकिटातून खारं पाणी ठिबकतंय,
पेनड्राइव्ह मात्र पावाच्या पिशवीत, कोरडाठाक.
तीन प्रती, डॉन एलेउतेरियो,
आपियाओच्या शाळेसाठी. बोट चारची आहे.

उघडून बघतो तर चार पानं.
पहिल्या ओळीत मेहनती, दुसरीत मनमिळाऊ,
तिसरीत मुलांबद्दल अपार प्रेम.

पोरी, म्हटलं, बस जरा.
मेहनती तर इथले बैलही आहेत,
त्यांच्या हाती कोणी वर्ग देत नाही.
तू केलंस काय, ते सांग.

बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, सरावाला होते तिथे
सहा इयत्ता, एक खोली, एक चूल.
नेल्सन नावाचा पोरगा वजाबाकी म्हटली
की टेबलाखाली.
वादळानंतर त्याला त्याच्याच बापाच्या होडीत घातलं,
शिंपल्यांच्या दोऱ्या मोजायला:
होत्या किती, तुटल्या किती.
ऑगस्टपर्यंत हातचा घ्यायला लागला.

मग हे कुठाय तुझ्या चार पानांत?

हे लिहितात होय?

मी खुरपणी काढली.
मेहनती गेलं. मनमिळाऊ गेलं.
शाळेतलं धावण्याचं बक्षीस गेलं.
पोहता येतं हे ठेवलं,
आपियाओची निम्मी पोरं होडीनं शाळेत येतात.
अकॉर्डियन, थोडंसं, हेही मी खोडलं होतं,
तिनं माझ्या देखत परत लिहिलं.
असो. माझंही सगळंच बरोबर नसतं.

मग बोट अडखळलं एका जागी.
इथून इथवर दोन वर्षं. कोरी.

ती खिडकीबाहेर बघायला लागली.
सॅमनचा कारखाना, म्हणाली. रात्रपाळी.
चिमट्यानं काटे काढायचे.
आईचं डायलिसिस कास्त्रोला,
आठवड्यातून तीनदा, पुढे दोनदा,
पुढे नाहीच.
ते कशाला लिहायचं?
शिकता शिकता सोडलं म्हणतील.

नेल्सनला काय शिकवलंस?
हातचा घेतला की डोक्यावर मांडून ठेवायचा.
मांडला नाही तर उत्तर चुकतं.

वाटलं, आता उठून जाते.
पेनड्राइव्हकडे हातही गेला तिचा.
मग स्टूल पुढे ओढलं
आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर,
आईचं आजारपण, कारखाना, रात्रपाळी.
थांबली. खाली अजून एक ओळ टाकली:
शेजारच्या पाटावरच्या बाईंना, वय एकसष्ट,
डब्यांवरची लेबलं वाचायला शिकवली.

हे तिनं मला सांगितलं नव्हतं.
मला वाटतं, लिहीपर्यंत
तिलाही ते शिकवणं वाटलं नव्हतं.

पान एक झालं. खाली चार बोटं जागा उरली,
ती तशीच राहू दिली.
वाचणाऱ्यालाही श्वास लागतो.

फोन? तिच्या वस्तीवर रेंज नाही.
खाली माझ्या दुकानाचा नंबर घातला.
तीन प्रती पावाच्या पिशवीत गेल्या,
पिशवी जाकिटाच्या आत,
आणि ती धक्क्यावरून पळत.
पैसे द्यायची विसरली. मीही मागायचे.

आज सकाळपासून फोन तीनदा वाजला.
पहिला, रंगीत प्रत केवढ्याला पडते.
दुसरा राँग नंबर, कुणाला तरी सुतार हवा होता.
तिसऱ्या वेळी मशिनीची शाई होती बोटांना.
उचलण्याआधी
मी हात पुसून घेतले.