पट्ट्याचा वेग

किल्ली हातात मिळाली तेव्हा
सकाळचे दहा वाजले होते, आणि अंधार होता.
फ्योर्डच्या टोकाला हा एकच कारखाना;
त्याच्या खिडक्यांतून सांडेल तेवढाच गावाला उजेड.
किल्ली एवढीशी, सायकलच्या कुलपाची वाटावी अशी.
तिने पट्ट्याचा वेग बदलतो:
मिनिटाला अठरा कॉड. वीस. बावीस.

"आता लाइन तुझी," स्तेनथोर म्हणाला.
"आणि हाल्मारसारखं ओरडू नकोस."

हाल्मार ओरडायचा खरा.
आम्ही टोप्या कानांखाली ओढायचो, एवढंच.
नुसता आवाज. वजन होतं
सातव्या टेबलावर.

ब्रोनिस्वावा. एल्ब्लाँगची. इथे एकोणीस हिवाळे.
पद नाही, आणि लॉकरचं दार
आम्हा सगळ्यांसारखंच, न लागणारं.
पण ती सळईवर सुरी घासू लागली
की साऱ्या टेबलांवरच्या सुऱ्या सळईकडे वळत.
ओव्हरटाइमचा कागद फिरला
की पेन हातात धरून बायका आधी तिच्या खांद्यांकडे पाहत.
मीसुद्धा पाहायचे.

पहिल्याच आठवड्यात वरून आकडा आला: बावीस.
मी किल्ली फिरवली.
कुणी नाही म्हणालं नाही.
सगळ्या गोड हसून हो म्हणाल्या
आणि संध्याकाळी खोक्याखोक्यांत काटे निघाले,
बारीक, पांढरे,
मोजून ठेवल्यासारखे.
हे अक्षर मला वाचता येत होतं. मीही ते गिरवलेलं होतं.

तोर्निके नावाचा पोरगा होता, कुताइसीचा.
त्याने ऑफिसात सांगितलं होतं
की सातव्या टेबलाची सुट्टी सहा मिनिटं लांबते.
खरं तेच सांगितलं होतं.
ब्रोनिस्वावा चिडली नाही.
तिने फक्त एका दुपारी
कॉफीचा थर्मास त्याच्याकडे सरकवला नाही.
दुसऱ्या दिवशी मीठही नाही सरकलं.
मग वाक्यं.
वाळीत टाकायला पंच बसावे लागतात असं मला वाटायचं.
फेब्रुवारीत तो गेला. फाइलीत कारण: वैयक्तिक.
त्याचा मग खुंटीवर तसाच राहिला,
केशरी शिडाची होडी असलेला.
थर्मास माझ्यापासून हातभर अंतरावर होता.
हातभर.

मग मी एका सोमवारी एप्रन चढवला
आणि सातव्या टेबलाशी उभी राहिले,
बावीसच्या वेगात.
दिव्याच्या काचेवर मासा ठेवायचा, किडा शोधायचा, काढायचा,
तोवर पुढचा दारात उभा.
चाळिसाव्या मिनिटाला करंगळी माझी राहिली नाही.
ब्रोनिस्वावा एकदाही बोलली नाही.
हातमोजे काढून मी पट्टा एकोणीसवर आणला,
रजिस्टरमध्ये कारण लिहिलं,
खाली स्वतःचं नाव, पूर्ण, वाचता येईल असं.

स्तेनथोरचा चेहरा सांगत नाही.

त्या दुपारी सातव्या टेबलावरून
एक थर्मास माझ्याकडे सरकत आला.
कॉफी कोमट होती,
आणि मला इतका आनंद झाला
की त्या आनंदाचीच मला भीती वाटली.

आता कागद फिरला की काहीजणी माझ्याकडे पाहतात.
मी खांदे सैल ठेवायला शिकते आहे.
ते जमत नाही. सैल खांदेही त्या वाचतात.

काल नवी मुलगी आली, मनिलाहून, लिगाया.
हात पुसत तिने खुंटीकडे बोट केलं:
"हा होडीचा मग कुणाचा? घेऊ का मी?"
सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या.
मी सवयीने ब्रोनिस्वावाकडे पाहिलं.
ती माझ्याकडे पाहत होती.
सगळ्याच माझ्याकडे पाहत होत्या.

पट्टा चालू होता.
एकोणीस.
मासे कापल्याविना पुढे जात होते.